बागेच्या नळाचं पाणी

काळी मोली जागच्या जागी डोलायला लागली की बाबा म्हणायचे, "हिला हीव भरलं." त्यानंतर ती फार तर तीन-चार दिवस टिकायची. गिरगावातल्या आमच्या चाळीत खिडकीच्या कट्ट्यावर माशांची दोन फुटी काचेची पेटी होती. बाबा महिन्याकाठी क्रॉफर्ड मार्केटमधून दोन मोल्या आणायचे, मखमलीसारख्या काळ्याभोर. पाणी पिंपात रात्रभर उघडं ठेवायचे, क्लोरीन उडून गेला की मगच पेटीत ओतायचे. हात धुतल्याशिवाय आम्हाला झाकणाला हात लावू द्यायचे नाहीत. इतकं करूनही मोल्या जायच्या. सुट्टीत चालत चालत तारापोरवाला मत्स्यालयात गेलो की तिथले धडधाकट मासे बघत बाबा बराच वेळ एकाच काचेपुढे उभे राहायचे. "मोली नाजूकच जात," असं ते म्हणायचे आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत मीही तेच मानत होते.

मोली नाजूक नसते हे मला वाघोलीच्या बोअरने शिकवलं.

२०१९ मध्ये आम्ही वाघोलीला राहायला आलो. तेव्हा वाघोली पुणे महापालिकेत आलेली नव्हती. सोसायटीला बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकर. पाणी असं जड, की नळाच्या तोटीवर पांढरे थर चढायचे, साबणाला फेस यायचा नाही, तुरीची डाळ चार शिट्ट्यांनंतरही कणीदार राहायची. लेकीने फिश टँकचा हट्ट धरला तेव्हा मला पहिली काळजी या पाण्याचीच वाटली. म्हणून मासे आणायच्या आधी वाचायला बसले आणि वाचता वाचता गिरगावातल्या त्या सगळ्या मोल्या डोळ्यांसमोर आल्या.

मुंबईचं पाणी तानसा, भातसा, वैतरणेच्या तलावांचं. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून पावसाचं पाणी धो धो वाहत येतं, खडकात मुरायला त्याला फारसा वेळच मिळत नाही, त्यामुळे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम अगदी थोडं, म्हणजे पाणी हलकं. प्यायला, कपडे धुवायला ते उत्तम. मोलीचं मूळ घर मात्र मेक्सिकोच्या आखाताकाठचे ओढे, खाड्या, दलदली. शिडासारख्या पंखाची एक मोली तर युकातानची, म्हणजे चुनखडीच्या प्रदेशातली. हळूहळू सवय लावली तर मोली समुद्राच्या पाण्यातही जगते. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातले क्षार कल्ल्यांवाटे सतत बाहेर झिरपत असतात आणि मासा ते परत ओढून घेत असतो. पाण्यात कॅल्शियम पुरेसं असलं की ही गळती आटोक्यात राहते. हलक्या पाण्यात मोलीची दमछाक होते आणि ती पुढे न सरकता नुसती डोलत राहते. बाबांनी क्लोरीन काढला, स्वच्छता ठेवली, जे हातात होतं ते सगळं केलं. उणीव नळातून येणाऱ्या पाण्यातच होती आणि ती डोळ्यांना दिसणारी नव्हती.

एक साधा टेस्ट किट मागवला. पाच मिली पाण्यात थेंब थेंब औषध टाकायचं, नारिंगी रंग हिरवा होईपर्यंत थेंब मोजायचे. जितके थेंब तितक्या डिग्री जडपणा. एक डिग्री म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम, चुनखडीच्या हिशेबाने. आमच्या बोअरला सतरा थेंब लागले. मुंबईला गेले तेव्हा किट सोबत नेला. बाबांच्या नळाला तीन.

मग ठरवलं, या पाण्याला साजेसेच मासे आणायचे. पिल्लं देणारे सगळे नेहमीचे मासे, म्हणजे गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल, जड आणि थोड्या अल्कलीकडे झुकलेल्या पाण्यात खूश असतात. घरात ज्या पाण्याला आम्ही रोज नावं ठेवत होतो, त्याच पाण्याचा मला इतरांना हेवा वाटावा इतका उपयोग होणार होता.

२०२१ च्या जानेवारीत तीन फुटी टँक घेतला. ३६ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच. काठोकाठ भरला तर १०६ लिटर. दुकानदार म्हणाला, "ताई, उद्या मासे टाका." मी पाच आठवडे थांबले. पाण्यात चिमूटभर फूड टाकून कुजू द्यायचं, त्यातून अमोनिया तयार होतो, तो खाणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात, मग त्यांनी केलेलं नायट्राइट खाणारे दुसरे जिवाणू येतात. ही साखळी बसल्याशिवाय कुठलाही टँक माशांसाठी तयार नसतो. आमच्यासारख्या पाण्यात तर हे थांबणं आणखी गरजेचं. आमच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ८ च्या आसपास. त्या पाण्यात अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ च्या पाण्यापेक्षा जवळजवळ दहापट असतो. म्हणजे जे पाणी मोलीला पोसतं, तेच नव्या टँकमध्ये तिला लवकर मारू शकतं. लेक रोज शाळेतून आल्यावर रिकाम्या टँककडे बघायची. तिला नायट्राइटच्या निळ्या-जांभळ्या नळ्या दाखवत मी ते पाच आठवडे काढले.

पहिल्या खेपेला आणलेले मासे असे: एक नर आणि दोन माद्या काळी मोली, तीन लाल प्लॅटी, एक नर दोन माद्या स्वोर्डटेल, आणि सहा गप्पी. गप्पी सगळे नर, कारण भडक रंग नरांनाच असतात. आरोग्य खात्याचे लोक डासांच्या अळ्या खायला टाक्यांत, डबक्यांत सोडतात ते गप्पी फिकट करड्या अंगाचे, दुकानातले त्यांचेच मोरपंखी भाऊबंद. लेकीने रंग बघून निवडले आणि मी अडवलं नाही.

पंधरा दिवसांत कळलं की मोठी चूक इथेच झाली होती. पिल्लं देणाऱ्या माशांत नराच्या पोटाखालचा मागचा पंख बारीक नळीसारखा झालेला असतो, त्याने तो मादीत बीज सोडतो. अंडी मादीच्या पोटातच पिकतात आणि जिवंत पिल्लं बाहेर येतात. नराला दिवसभर दुसरा उद्योग नसतो. आमच्या सहा गप्पींना स्वतःच्या जातीची मादीच नव्हती, म्हणून ते प्लॅटींच्या मागे लागले, मोलींच्या मागे लागले, एकमेकांच्या शेपट्या कुरतडू लागले. प्लॅटी फिल्टरच्या मागे दडून बसायच्या, खायलाही बाहेर येईनात. एका नरामागे दोन-तीन माद्या हवेत, हे मी वाचलं होतं. ते जातवार लागू होतं हे ध्यानात घेतलं नव्हतं. चार गप्पी परत केले, पाच माद्या आणल्या आणि तिसऱ्या दिवशी प्लॅटी मोकळ्या फिरायला लागल्या. एकत्र टँकमध्ये कोण कोणाला चावतं याची चौकशी लोक आधी करतात. या माशांच्या बाबतीत कोण कोणाची पाठ सोडत नाही हे आधी विचारावं.

दुसरी गोष्ट समजायला चार महिने लागले. दुकानातून आलेल्या तीनही प्लॅटी माद्या निघाल्या. त्यांच्यासोबत त्यांच्या जातीचा नर नव्हता आणि शेजारी स्वोर्डटेलचा लांब तलवारीचा नर होता. प्लॅटी आणि स्वोर्डटेल ही सख्खी भावंडं म्हणावीत इतकी जवळची. दोन्ही झिफोफोरस या एकाच वंशातली, दोन्ही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या ओढ्यांतली. जूनमध्ये वाढायला लागलेल्या प्लॅटीच्या पिल्लांत काहींना शेपटीखाली अर्धवट काटा फुटलेला दिसला. लेकीला ते फार आवडलं. मला आवडलं नाही, आणि का ते सांगते. काळ्या ठिपक्यांच्या प्लॅटीचा स्वोर्डटेलशी संकर झाला आणि ती पिल्लं पुन्हा स्वोर्डटेलशी जुळली, तर पुढच्या पिढीतल्या काहींच्या अंगावर ठिपक्यांच्या जागी कर्करोगाच्या काळ्या गाठी वाढतात. १९२० च्या दशकात अमेरिकेत मायरन गॉर्डन आणि जर्मनीत कुर्ट कोसविग यांनी हे वेगवेगळं शोधून काढलं आणि त्वचेच्या कर्करोगाच्या अभ्यासात हे मासे आजही वापरले जातात. आमच्या तीन प्लॅटींपैकी एकीच्या लाल अंगावर काळे ठिपके होते. एका घरगुती टँकमध्ये, आपल्या हौसेपायी, असा त्रास जन्माला घालायचा नाही असं मी ठरवलं.

दोघांपैकी एक जात ठेवायची होती. स्वोर्डटेल गेले. ते तसेही तीन फुटांत मावणारे नाहीत, वाढले की चार इंचांवर जातात, नर दुसऱ्या नराला टिकू देत नाही, आणि झाकणाला बोटभर फट राहिली तरी उडी मारतात. एकदा पहाटे लादीवर सापडलेला मी ओल्या हाताने उचलून परत सोडला होता, वाचला. सोसायटीतल्या एकांकडे चार फुटी टँक होता, त्यांनी आनंदाने नेले. जाताना त्यांनी विचारलं, "मादीचा नर होतो म्हणतात ते खरं का हो?" मोठी झालेली, मादीसारखी दिसणारी स्वोर्डटेल अचानक तलवार काढते हे खरं आहे. पण ते बहुतेक वेळा उशिरा वयात आलेले नरच असतात.

स्वोर्डटेल गेले तरी अर्धवट तलवारीची पिल्लं येतच राहिली. मादी एकदा मिळालेलं बीज महिनोन्‌महिने पोटात साठवून ठेवते आणि दर चार-पाच आठवड्यांनी त्यातूनच पुढची खेप देते. प्लॅटीचे दोन नर आणल्यानंतर हळूहळू पिल्लं सरळ प्लॅटीची यायला लागली. संकर झालेली पिल्लं मी एका वेगळ्या छोट्या टँकमध्ये त्यांच्या आयुष्यभर ठेवली. कोणाला दिली नाहीत, दुकानात तर मुळीच नाही.

पिल्लांसाठी ब्रीडिंग बॉक्स मी एकदाच वापरला. पोट चौकोनी झालेली मोली त्या हातभरही नसलेल्या डब्यात अशी काही धडपडली, की पिल्लं न देताच तिला बाहेर सोडावं लागलं. त्यानंतर सगळा भरवसा वनस्पतींवर. एका कोपऱ्यात जावा मॉसचा गुंता, वर तरंगणारा हॉर्नवर्ट. मोलीची पिल्लं जन्मतःच जवळजवळ एक सेंटीमीटरची असतात, धीट असतात. गप्पीची त्याहून बारकी. सगळी वाचत नाहीत. वाचतात तेवढी पुष्कळ असतात. मोठ्यांचं फूड बोटांनी चुरून त्यांना पुरतं, रविवारी मी आर्टेमिया, म्हणजे अगदी बारीक कोळंबीसारखा जीव, अंड्यांतून उबवून घालते, मिठाच्या पाण्यात चोवीस तासांत बाहेर येतो. मोलीला मात्र पाला हवाच. उकडलेला पालक, सोललेला मटार. काचेवरचं शेवाळं ती दिवसभर खरवडत असते आणि तिचं ते खरवडणं बघत बसणं हा माझा संध्याकाळचा सगळ्यात शांत वेळ.

हिवाळ्यासाठी शंभर वॉटचा हीटर घेतला. वाघोलीत डिसेंबरच्या पहाटे टँकचं पाणी १९ अंशांवर उतरायचं. प्लॅटी ते सोसते, गप्पी आणि मोली नाही.

दीड-दोन वर्षं सुखाची गेली. मग २०२३ च्या एप्रिलमध्ये सोसायटीने जड पाणी हलकं करणारा सॉफ्टनर बसवला. गीझरच्या कॉइल सहा महिन्यांत जात होत्या, शॉवर तुंबत होते, सगळ्यांचे केस गळत होते. सभेत मीही हात वर केला होता. पहिल्या आठवड्यात साबणाला फेस आला, डाळ शिजली, सगळं घर आनंदात.

मेच्या मध्याला सर्वांत थोरली मोली डोलायला लागली. काळी, पहिल्या खेपेची, लेकीने तिचं नाव विठी ठेवलेलं. पंख मिटलेले, शेपूट हलतेय, अंग जागच्या जागी. तीस वर्षांनी ते डोलणं पाहिलं आणि क्षणात ओळखलं. बाबांना फोन केला. "बाबा, मोलीला हीव भरलंय." पलीकडे काही वेळ शांतता. मग म्हणाले, "तुझं पाणी तर जड होतं ना गं?"

मी पाणी तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. पीएच होता तिथेच. टीडीएस मीटर पाण्यात बुडवला, ५१० दाखवला, आधी ५०० च्या आसपास असायचा. मला वाटलं, पाणी तेच आहे. मग आजार असेल म्हणून तापमान दोन अंश वाढवलं, फूड कमी केलं, पाणी जास्त वेळा बदललं. पाणी बदलल्यावर ती आणखी ढासळायची. आठव्या दिवशी विठी गेली. दुसऱ्या दोन मोल्यांनी डोलायला सुरुवात केली होती, गप्पींनी पंख मिटले होते.

त्या रात्री कपाटाच्या तळातून थेंबांचा तो जुना किट काढला. दीड वर्षात तो वापरलाच नव्हता, कारण टीडीएस मीटर एका सेकंदात आकडा देतो. नळाच्या पाण्यात पहिला थेंब टाकला, नारिंगी. दुसरा टाकला, हिरवं झालं.

सॉफ्टनरमध्ये रेझिनचे मणी असतात. पाणी त्यातून जाताना मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवून पुन्हा वापरतात, म्हणून पंपघरात मिठाची पोती रचलेली असतात. म्हणजे पाण्यातून काही कमी होत नाही, एकाच्या जागी दुसरं येतं. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेलं एकूण किती आहे याचाच अंदाज देतो, कोणतं आहे ते त्याला कळत नाही. कॅल्शियम गेलं, सोडियम आलं, आकडा जागचा हलला नाही. आणि मी दर वेळी पाणी बदलून मोलीच्या वाट्याचं उरलंसुरलं कॅल्शियमही काढून घेत होते. विठीच्या त्या आठ दिवसांची टोचणी मला अजून आहे. तो किट घरातच होता.

आधी सोपा उपाय केला. फिल्टरमध्ये ठेचलेले शिंपले आणि कोरलचे तुकडे भरले. दहा दिवसांनी थेंब दोनाचे तीन झाले, बस. पुन्हा वाचलं तेव्हा कारण समजलं. शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते आम्लाकडे झुकलेल्या पाण्यात विरघळतं. आमच्या पाण्यात कार्बोनेट आधीच भरपूर होतं, सॉफ्टनरने त्याला हात लावला नव्हता, पीएच ८ च होता, मग शिंपले विरघळणार कसे? मुंबईच्या पाण्यात ते कामी आले असते, बाबांच्या पेटीत. वाघोलीत नाही. कॅल्शियम क्लोराइड आणि एप्सम सॉल्ट वजन करून घालणं हा खरा उपाय होता, आणि मी ते मागवायच्या बेतात होते.

ते मागवावं लागलं नाही. सकाळी खाली उतरले तर माळीमामा जास्वंदीला पाणी घालत होते. नळाखालच्या फरशीवर पांढरा थर, जुनाच, ओळखीचा. विचारलं, "मामा, हे पाणी कुठलं?" म्हणाले, "बागेला थेट बोअरचं. गोडं केलेलं झाडांना कशाला घालायचं? त्यात मीठ असतं." त्यांना हे कोणी सांगावं लागलं नव्हतं. मी बाटलीत पाणी भरून वर आणलं. सतरा थेंब.

घाई केली नाही. माशांना एकदम बदलही मानवत नाही. रोज दहा-बारा लिटर पाणी बदललं, बागेच्या नळाचं. आठवड्याने थेंब नऊ झाले, पंधरवड्याने चौदा. पाचव्या दिवशी एका मोलीने डोलणं थांबवलं, दुसरीला बारा दिवस लागले. जूनअखेर तिने एकवीस पिल्लं दिली.

आता टँकमध्ये तीन जाती आहेत, मोली, प्लॅटी, गप्पी. संख्या वाढली की दुकानदार पिल्लं घेतो आणि बदल्यात फूड देतो. एकाने जास्तीचे गप्पी मुळा-मुठेत सोडून द्या म्हणून सुचवलं. नाही सोडणार. आपल्या नद्यांत आपले छोटे मासे आधीच कसेबसे तग धरून आहेत, त्यांच्या खाण्यात परदेशी वाटेकरी कशाला? दुसऱ्या एकाने एंडलर आणून देतो म्हटलं, व्हेनेझुएलाचा, गप्पीचा चुलतभाऊ. त्यालाही नको म्हटलं. तो गप्पीशी सहज जुळतो आणि एक-दोन वर्षांत दोन्ही जाती एकमेकांत हरवून जातात.

दर गुरुवारी संध्याकाळी वीस लिटरचे दोन कॅन घेऊन मी खाली जाते. मामा पाइप माझ्याकडे देतात.

त्या वर्षीच्या दिवाळीला बाबा आले, वय वर्षं शहात्तर. टँकसमोर खुर्ची ओढून बसले आणि खूप वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्यासमोर आठ मोल्या काच खरवडत होत्या. मग म्हणाले, "तो थेंबांचा किट आण." नळी त्यांनी डाव्या हातात धरली, बाटली उजव्या. हात थोडा कापत होता, म्हणून प्रत्येक थेंबानंतर नळी गोल फिरवताना थांबत होते. लेक शेजारी उभी राहून मोजत होती. चौदाला नारिंगी, पंधराला नारिंगी, सोळाला जरासं मळकट.

"सतरा," ती म्हणाली.

"हिरवं झालं गं," बाबा म्हणाले, आणि नळी उजेडाकडे धरून तशीच बघत राहिले.